हारा आणि दोन टोपल्या

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. राजे होते आणि सायकलीही होत्या, एवढं धरून चाला म्हणजे झालं.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात सायकल एकच, आणि ती एका भिडस्त माणसाकडे होती. भिडस्त माणूस कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी त्याच्या ताटातली भाकरी मागितली तर तो वर कालवणही वाढतो आणि उपाशीपोटी "माझं झालंय" म्हणून उठतो. अशी माणसं गावाला फार आवडतात.

त्या गावाची एक रीत होती. घाटापलीकडच्या पेठेत जो जाईल त्याने सगळ्यांच्या वस्तू आणायच्या. ज्याला जे हवं, त्याने ते जाणाऱ्याच्या कानावर घालायचं आणि त्याच्या उपरण्याला एक गाठ मारायची. तो परत आला की आपली वस्तू घ्यायची आणि आपली गाठ आपण सोडायची. स्वतःच्या कामाची गाठ मात्र कोणी मारत नसे. स्वतःचं काम कोण विसरतं?

एकदा त्या माणसाची लेक तापाने आजारी पडली. एकुलती एक पोर. ताप उतरेना, पोर डोळे उघडेना. पलीकडच्या वैद्यबुवांचा काढाच आता हिला वाचवील, असं जाणत्यांनी सांगितलं. तो काढा मातीच्या गाडग्यात मिळे, आणि गाडगं वाटेत हिंदकळून चालत नसे.

माणूस म्हाताऱ्या बुरडिणीच्या अंगणात गेला. "मावशी, सायकलीच्या मागे बांधायला काहीतरी दे."

बुरडीण कामट्या सोलत होती. तिने मान वर केली नाही. "काय आणायचंय? आणि वाट कुठली?"

"लेकीचा काढा. घाटातून."

म्हातारीने हातातलं काम ठेवलं. आत जाऊन ती दोन लहान टोपल्या घेऊन आली. "ह्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकव. एकीत पेंढा घालून गाडगं बसव, दुसरीत तेवढ्याच वजनाचा दगड ठेव. ओझं खाली असलं आणि दोन्हीकडं सारखं असलं, की सायकल तुझं ऐकते बाबा."

त्याने टोपल्या उचलल्याही होत्या. तेवढ्यात तो पेठेत निघालाय ही बातमी गावभर झाली आणि माणसं अंगणात जमली.

"एवढ्याशा टोपल्यांत आमचं मीठ कुठं मावायचं?"

"दादा, माझी एक कढई तेवढी."

"माझ्या पोरीच्या बांगड्या हो. काय वजन त्यांचं!"

भिंतीशी त्या टोपल्यांच्या चौपट मोठा, कामट्यांचा एक खोल हारा उपडा पडला होता. कोणीतरी तो सुलटा करून सायकलीच्या कॅरियरवर ठेवून बघितला. सगळ्यांचे चेहरे खुलले. यात काय वाटेल ते मावेल!

"हारा उंच बसतो," बुरडीण म्हणाली. "वळणावर तू एकीकडं वळशील आणि तो दुसरीकडं. घरी पोर पडलीय तुझी. आज नाही म्हण की ह्यांना!"

माणसाने तोंड उघडलं. खरंच उघडलं हो. पण समोर रोजची माणसं होती, आणि शब्द काही बाहेर पडला नाही. "असू दे मावशी," एवढंच तो पुटपुटला आणि टोपल्या खाली ठेवून त्याने उपरण्याचं टोक पुढे केलं. लोकांनी गाठी मारल्या. त्यांत कोणी दुष्ट नव्हतं. पोरीला ताप आहे हे त्यांना माहीत होतं, पण ताप येतो नि जातो. आणि प्रत्येकाची वस्तू एकच तर होती.

बायको दारात उभी होती. "अहो, आजच्या दिवस गाठी घेतल्या नसत्या तर?"

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला आणि निघाला.

पेठेत त्याने आधी लोकांची कामं केली, कारण गाठी डोळ्यांसमोर होत्या. वैद्यबुवांच्या दारी तो पोचला तेव्हा हारा काठोकाठ भरला होता.

"जप हं," वैद्यबुवांनी गाडगं त्याच्या हातात दिलं. "माझ्याकडच्या मुळ्या आता संपल्या. डोंगर पुन्हा हिरवा होईतो असा काढा होणे नाही. अगदी तळाशी बसव."

तळाशी मीठ होतं. माणसाने मीठ उचललं आणि परत ठेवलं. कढई काढली, परत ठेवली. बांगड्यांचं बोचकं हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. कोणाचं काढायचं? शेवटी त्याने गाडगं सगळ्यांच्या वर ठेवलं आणि ते बांधायला खांद्यावरचं उपरणं घेतलं.

उपरणं पुरेना. एरवी लांबलचक असलेलं ते कापड गाठींनी आखडून गेलं होतं. दोनचार गाठी सोडल्या असत्या तर पुरलं असतं. पण कोणाची सोडायची? त्याने टोकं ओढून ओढून कशीबशी एकमेकांत अडकवली.

घाटाच्या उतारावरच्या वळणाला तो डावीकडे वळला आणि हारा उजवीकडे झुकला. उपरण्याची टोकं सुटली. त्याने एक हात मागे टाकला, पण हाताला नुसतं कापड लागलं. गाडगं दगडावर पडून फुटलं.

तो धुळीत बसला. ओंजळीने काढा भरायला गेला, तर ओंजळीत चिखल आला. तो ओरडून रडला. बांगड्यांतली एकही पिचली नव्हती.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. ज्याने त्याने आपली वस्तू घेतली, आपली गाठ सोडली. "देवमाणूस आहेस रे," लोक म्हणाले. त्याच्या तोंडावर धुळीत वाहिलेल्या आसवांचे ओघळ होते, पण अंधारात ते कोणाला दिसले नाहीत.

घरी बायकोने विचारलं, "काढा?"

त्याने सायकल भिंतीला टेकवली. तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. उपरणं मोकळं झालं होतं, एकही गाठ उरली नव्हती. तिला सगळं कळलं. ती आत गेली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली.

अमावास्येच्या आत लेक गेली.

तेव्हा सगळं गाव दारी आलं. सगळे खरोखरीचे रडले. "अरे, एका शब्दाने सांगायचंस! आम्ही थांबलो असतो. मिठावाचून काय अडलं होतं?" असं जो तो म्हणत होता, आणि ते खरंही होतं. तेच ऐकणं त्या माणसाला सर्वांत जड गेलं. त्या दोन टोपल्या बुरडिणीने पुढे कोणालाच विकल्या नाहीत, आणि तो माणूसही त्यांच्यासाठी पुन्हा आला नाही. आता तो आणणार कोणासाठी?

तात्पर्य: ज्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून शेवटी आपल्याच माणसाला नाही म्हटलं जातं.