‘तो आला’, एवढंच

चूक म्हाताऱ्या वानराची होती. वानर वयाने मोठा, म्हणून जंगलात हे कुणी बोललं नाही. म्हणून मुलांनो, मी आधीच बोलून टाकतो.

नदीकाठच्या त्या जंगलात एक हरिणी राहत असे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा लेक पुरात वाहत पलीकडच्या काठाला लागला होता. तेव्हापासून चरता चरता तिची मान आपोआप नदीकडे वळे. पलीकडे नुसतं झुडूप हललं, तरी तोंडातला घास तोंडातच राही. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून वानर सगळ्यांसाठी पहारा करी. वाघ दिसला की ओरडे, “तो आला!” वाघाचं नाव घेतलं की वाघ येतो, अशी वानरांची समजूत. पुढे पुढे तर कुणाचंच नाव न घेणं ही रीत होऊन बसली.

हरिणीने एकदा विनवलं, “काका, माझा लेक दिसला, तर ‘लेक आला’ असं म्हणाल का? एवढंच मागते.”

“आता तू शिकवणार मला?” वानर खेकसला. “सात पिढ्या आम्ही असंच ओरडतोय. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं!”

उन्हाळ्यात पाणी ओसरलं. एका सकाळी वानराला हरिणीचा लेक नदी पोहून येताना दिसला. चांगली शिंगं फुटली होती त्याला. म्हातारा आनंदाने फांदीवर नाचायलाच लागला. “तो आला! तो आला!”

खाली कळप उधळला. हरिणीही जीव मुठीत धरून पळाली. लेक काठावर चढला, तेव्हा त्याला आईची पळती पाठ तेवढी दिसली. त्याने दोनदा हाक मारली. वानराच्या आरडाओरड्यात ती हाक बुडाली. लेक थोडा वेळ उभा राहिला. मग आला तसा पाण्यात उतरला.

दुपारी हरिणी परतली. ओल्या वाळूत खुरांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. तिने एकेक ठसा हुंगला.

“काका, कोण आलं होतं?”

“तुझा लेक! घसा फुटेस्तोवर सांगितलं की!”

“मला वाटलं, वाघ.”

“मग तो तुझ्या डोक्याचा दोष.”

कळपातल्या जाणत्यांनीही यावर माना डोलावल्या. जाणते म्हणे!

हरिणी सरळ नदीत उतरली. तिच्यामागून तरणी हरणं उतरली, आणि शेवटी गुपचूप ते जाणतेही. तिला लेक भेटला का, मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही. वानर अजून शेंड्यावर बसतो, पलीकडच्या काठाकडे बघतो, ओरडतो. खाली ऐकायला कुणी उरलेलं नाही.

तात्पर्य : ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणण्याआधी कोण ते सांगावं, बोलताना, आणि लिहिताना तर नक्कीच; कारण आपल्या मनातलं नाव समोरच्याला दिसत नसतं.