साळूच्या बिळातला बिबट्या

डोंगरातल्या बिळांना अजून दारं बसली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. साळू नावाची एक साळिंदरीण आपल्या दोन पोरांना घेऊन बिळात राहायची. एका दुपारी बिळासमोरच्या करवंदीच्या सावलीत एक बिबट्या येऊन पसरला, आणि मायलेकरं आत अडकली.

"आई, कंटाळा आला!" बोरू कुरकुरला. त्याची बहीण टाचू त्याला टोचायला लागली आणि दोघांची जुंपली. साळूचा जीव मेटाकुटीला आला. घोरपडीच्या पोरांकडे ओढ्यातले रंगीत गोटे होते; आपल्या लेकरांना खेळायला काहीच नाही, असं तिला वाटलं. बिबट्याचा डोळा लागला की पळत जाऊन गोटे आणायचे, असं ठरवून ती बिळाच्या तोंडाशी टपून बसली.

तेवढ्यात आतला दंगा एकदम थांबला. पोरं गप्प झाली की काहीतरी घोळ असतोच. साळू धावतच आत आली.

तिचे गळलेले काटे तिने केर म्हणून कोपऱ्यात लोटले होते. पोरांनी ते मातीत रोवून जंगल उभं केलं होतं.

"बरी आलीस गं!" टाचू म्हणाली. "आम्हाला बिबट्याच मिळत नव्हता."

साळूने घसा खाकरला आणि जरा गुरगुरून पाहिलं. पोरं खिदळली, गर्रकन वळली आणि इवलेसे काटे फुलवून पाठमोरी तिच्यावर चालून आली.

ऊन कललं तसा बाहेरचा बिबट्या कंटाळून निघून गेला. आतल्या बिबट्याला मात्र पोरं काही केल्या जाऊ देईनात.