त्र्याहत्तरावा तिळगूळ

संक्रांत आली की धुमाळबाई मुलांकडून पाढे तिळगुळावरच घोटून घेत. तपासणीला आलेले रणदिवे साहेब खेकसले, "ही शाळा आहे की हलवायाचं दुकान? सांगा पाहू, तुम्ही नऊ मुलं. प्रत्येकाने प्रत्येकाला एकेक तिळगूळ दिला, तर एकूण किती?"

"बहात्तर," तिसरीतली वैजू म्हणाली.

"नऊ नवे एक्क्याऐंशी! बाई, हे खेळ आजपासून बंद!"

बाईंचा चेहरा उतरला. वैजू मात्र हसली. "पण साहेब, स्वतःच स्वतःला तिळगूळ कोण देतं? प्रत्येकाने आठ जणांनाच दिला. नऊ आठे बहात्तर."

साहेब बोटांवर हिशोब करू लागले. वैजूने डब्यातला एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

"हा त्र्याहत्तरावा. घ्या, आणि आमच्या बाईंशी गोड बोला!"