हिरवं निघालेलं कापड

एका गावात एक विणकर होता. कापड झकास विणायचा, पण निळं रंगवायचं तर परगावच्या रंगाऱ्याचे पाय धरावे लागत. शेवटी त्याने ठरवलं, आपणच रंगारी व्हायचं. त्यासाठी घरातला माग विकला आणि अंगणात रांजण पुरला.

परगावच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने त्याला निळीच्या वड्या दिल्या. म्हणाला, "चुना घाल, गूळ घाल, टाकळ्याचं उकडलेलं बी घाल आणि झाकून ठेव. फेसावर तांबूस चकाकी आली की कापड बुडव. तोवर रांजणाच्या वाटेला जाऊ नकोस."

थोड्याच दिवसांत रांजणाला असा वास सुटला की येणारेजाणारे नाक धरू लागले. शेजारचा कुंभार म्हणाला, "नासलं गड्या. उपसून टाक." रांजण घडवणाऱ्याला रांजणातलंही कळत असणार, असं विणकराला वाटलं. त्याने उपसून टाकलं.

दुसऱ्या खेपेला वास नको म्हणून त्याने गूळ कमी घातला. रांजण ढिम्म. मामा म्हणाले, "गूळ वाढव." सासरे म्हणाले, "चुना वाढवा." त्याने दोन्ही वाढवलं, मग घाबरून पाणी ओतलं. शेवटी आत काय आहे हे त्यालाच सांगता येईना. तेही उपसलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. पण याचं मन काय म्हणतंय हे यालाच ऐकू येत नव्हतं.

आता एका रांजणापुरतीच नीळ उरली. तो रांजण त्याने म्हाताऱ्याने सांगितलं तसाच भरला. बायको म्हणाली, "हाही गेला तर तुम्हाला दुसऱ्याच्या मागावर राबावं लागेल." तिने झाकणावर पाटा ठेवला आणि रोजची चटणी तिथेच वाटू लागली. पुन्हा तोच वास सुटला, तरी ती नाकाला पदर लावून वाटतच राहिली.

एके सकाळी पाटा उचलून पाहिलं, तर फेसावर तांबूस चकाकी. विणकराने लगबगीने कापड बुडवलं आणि वर काढलं. कापड हिरवं. शेवाळासारखं पिवळट हिरवं.

"मी आधीच म्हटलं होतं," कुंभार म्हणाला.

विणकराने उपसायला घागर उचलली, मग खाली ठेवली. उपसावं तर नीळ संपलेली, ठेवावं तर कशासाठी? म्हाताऱ्याला हिरवं कापड रोजचंच, त्यामुळे ते सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. विणकराला रडू आलं. काय करावं कळेना, म्हणून तो ओलं कापड धरून नुसता उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने काही केलं नाही.

वारा लागला तशी कापडाची कड निळसर झाली. मग मधला भाग. बघता बघता सगळं कापड निळं झालं, आणि विणकराची बोटंही.

बायकोने कापड उन्हात धरून पाहिलं. "म्हणजे अहो," ती हळूच म्हणाली, "तो पहिला रांजणही नासला नव्हता."

 विणकराने रांजणावर झाकण लावलं आणि पाटा स्वतः उचलून वर ठेवला.

तात्पर्य: धंद्याला रंग त्याच्या वेळेनेच चढतो, काही कळेनासं झालं तर निदान रांजण उपसू नये.