दारातली उपडी घागर

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक लहानसं ख्रिस्ती गाव होतं. गावाला विहीर एकच, आणि तीही पार खाली, ओढ्याच्या काठी. भरली घागर घेऊन वर चढताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस यायचा. म्हणून गावाने एक कावडवाला ठेवला होता. ठेवला कसला, जुंपला म्हणा! त्याचा आजा कावड वाहायचा म्हणून बाप वाहायचा, आणि बाप वाहायचा म्हणून हा. पाटलाचा तसा हुकूम होता.

गावाची एक रीत होती. ज्याला पाणी हवं त्याने घागर दारात सुलटी ठेवायची, नको असेल त्याने उपडी. कावडवाल्याने घागरी बघत जायचं, पाणी ओतायचं आणि पुढे व्हायचं. ओट्यावर टेकायचं नाही, बोलत उभं राहायचं नाही. त्याचं नाव शांतवन, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. "ए कावडवाल्या!" एवढीच हाक.

पुढे पाटील वारला आणि त्याचा लेक पाटील झाला. पुनरुत्थानाच्या सणाला देवळात उपासना संपली, तसा हा नवा पाटील उठून शांतवनपुढे आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रभूने मला मोकळं केलं. मग तुला मी कोणत्या तोंडाने बांधून ठेवू? आजपासून तू कुणाचा बांधील नाहीस. ज्याचं पाणी त्याने आणावं."

शांतवन आधी रडला, मग हसला. पाद्रीबाबांनी विचारलं, "आता काय करणार रे?"

"काही नाही, पाद्रीबाबा! काही म्हणजे काही नाही!"

घरी आल्या आल्या त्याने कावड आढ्याला टांगली आणि आपली घागर दारात उपडी घातली. मला कुणाचं काही नको आणि माझ्याकडे कुणी काही मागू नये, हे गावाला कळावं म्हणून.

सुरुवातीचे दिवस काय मजेचे गेले म्हणून सांगू! उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचं, घरामागे चार वांगी-मिरच्या लावायच्या, स्वतःपुरती कळशी आणायची आणि पाय पसरून बसायचं. राजाच की हो!

पण गाव पडलं रीत पाळणारं. उपडी घागर म्हणजे नको. मग त्या दारात थांबायचं कशाला? बाया विहिरीवर जाता-येता पुढून निघून जायच्या. सणाला कुणी ताट दिलं नाही. त्याला ताप आला, उतरला, कुणाला पत्ता नाही. भाकरी छान फुगली तर 'बघ गं' म्हणायला समोर माणूस नाही. एकदा तर निदान आवाज तरी ऐकावा म्हणून तो स्वतःच मोठ्याने म्हणाला, "ए कावडवाल्या!" आणि स्वतःच दचकला. मग भिंतीकडे तोंड करून खूप रडला. एवढा एकटा तो कावड वाहतानाही नव्हता.

उन्हाळा चढला. एका दुपारी घर खायला उठलं म्हणून तो उगाच फिरत गावाच्या टोकाला गेला. तिथे हन्नाबाईचं खोपट होतं. म्हातारीचे गुडघे गेलेले, डोळ्यांना अंधुक दिसायचं. तिच्या दारात घागर सुलटी होती. शांतवनने सवयीने आत बघितलं. तळाशी वाळका पाला, आणि तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं.

शेजारी आधी आणून द्यायचे. मग याला वाटलं तो देईल, त्याला वाटलं हा देईल. आतून म्हातारीचं कोरडं खोकणं ऐकू येत होतं.

शांतवन पाठ फिरवून घरी आला. "छे छे! एकदा कावड खांद्यावर घेतली की संपलं. उद्या अख्ख्या गावाच्या घागरी सुलट्या! आणि कशासाठी जायचं? मला कुणी जा म्हटलंय का?"

नव्हतंच म्हटलं. त्याने पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, 'पाटलाने मला सोडलं, ते तरी त्याला कुणी सांगितलं होतं? मनात माया आली म्हणूनच ना?'

तो उठला. आढ्यावरची कावड काढली, धूळ झटकली आणि विहिरीची वाट धरली.

हन्नाबाईची घागर त्याने घासूनपुसून भरली. पाण्याचा आवाज ऐकून म्हातारी भिंतीला धरून दारात आली. "कोण? पाटलाने पाठवलं का रे बाबा?"

"नाही, हन्नाबाई. मला आता कुणी पाठवत नाही. मीच आलो."

म्हातारीने डोळे बारीक केले. "अगं बाई, शांतवन का तू? तुझ्या बाप्तिस्म्याला मी तुला मांडीवर घेतलं होतं रे! मग उभा का? बस की. पाठवलेला माणूस ओतून जातो. आपणहून आलेल्याने बसायचं असतं."

आणि शांतवन बसला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या ओट्यावर बसला. म्हातारीने त्याच पाण्यातलं अर्धं भांडं आधी त्याला दिलं, मग स्वतः घटाघटा प्यायली. दोघं दिवस मावळेपर्यंत बोलत राहिले.

घरी येऊन त्याने दारातली घागर सुलटी केली.

त्याला भीती होती ते झालंच म्हणा! दुसऱ्या दिवशी तीन घरांच्या घागरी सुलट्या. एका घरी बाळंतीण होती, तिथे त्याने आनंदाने भरली. एका घरी पाय मोडलेला गडी, तिथेही भरली. तिसऱ्या घरातला पैलवान ओट्यावर मिशा पिळत बसला होता. त्याला शांतवन म्हणाला, "उठा राव, घागर घ्या. दोघं मिळून जाऊ. हन्नाबाईचीही भरायची आहे." पैलवान आधी लाजला, मग हसला आणि उठला.

संध्याकाळी शांतवन घरी परतला, तेव्हा त्याच्या दारातली घागर काठोकाठ भरलेली होती. कुणी भरली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य इतकंच: प्रभूने आपल्याला मोकळं केलं ते दार लावून बसायला नव्हे, तर कुणी न सांगता, मायेने एकमेकांच्या दारी जायला.