धाकटीची भिंत

धाकटीच्या भिंतीला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही. सोनवेढ्याच्या गवंडी आळीत मूल चालायला लागलं की त्याला आधी हे शिकवतात, चुलीपासून लांब राहायचं ते मागाहून.

भिंत काही मोठी नाही. गावाच्या कोटाला अकरा बुरूज. त्यातला तळ्याच्या अंगाचा, सगळ्यांत बुटका, तो धाकटा बुरूज. त्याच्या पायथ्याशी माणूसभर उंचीची एक कमान आहे आणि ती दगडांनी चिणून बंद केलेली आहे. चिणलेल्या भागाला छातीच्या उंचीवर जरासा फुगवटा आहे. दिवसा तो लक्षातही येत नाही. रात्री कंदील एका बाजूने धरला की दिसतो. आत धाकटी श्वास घेते, म्हणून भिंत फुगलेली आहे, असे सांगतात. हात लावला तर तिचा श्वास अडकतो म्हणे.

वृषालीने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिचाच श्वास अडकायची वेळ आली होती. चार वर्षांपासून गावच्या वारसा मंडळाची रात्रफेरी निघत होती. अमावास्येच्या आधीच्या शनिवारी बाहेरगावचे वीस-पंचवीस पाहुणे यायचे, आणि वृषालीचे काका सोपानतात्या हातात कंदील घेऊन त्यांना गावातल्या मेलेल्या माणसांची ओळख करून द्यायचे. फाशीचा वड, बुडीची विहीर, मुंडक्यांचा दरवाजा आणि शेवटी धाकटा बुरूज. मागून बॅटरी धरून चालायचं काम वृषालीचं. स्थापत्य शाखेची पदवी घेऊन ती उन्हाळ्यात घरी आली होती, आणि त्या पदवीचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.

त्या रात्री तात्या दरवाज्याखाली थांबले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "या खुंट्यांवर, मंडळी, एका वेळी अकरा मुंडकी टांगलेली असत."

"गेल्या वर्षी सात होती," वृषाली मागून म्हणाली.

पाहुणे हसले. तात्यांनी मान न वळवता सांगितलं, "आमची पुतणी. शिकलेली आहे."

एरवी वृषालीही हसली असती. पण आज तिच्या शेजारून तिची वहिनी, रोहिणी, नऊवारी नेसून, हातात निरांजन घेऊन चालत होती, आणि निरांजनाची ज्योत वाऱ्याशिवाय हलत होती.

गवंड्यांच्या घरची ही जुनी रीत. आषाढ अमावास्येला घरातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेनं धाकटीच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पाठ चालते, हात चालत नाही. का, ते विचारायचं नाही. सासऱ्यानं तिच्याभोवती कंबरेपर्यंत सुटे दगड रचायचे. घरच्या वडीलधाऱ्यानं तीनदा विचारायचं, "राजी का?" आणि तिनं तीनदा म्हणायचं, "राजी." वर्षातून एकदा होणारी ही गोष्ट मंडळाने फेरीत घातली आणि आता ती दर महिन्याला व्हायला लागली. तात्यांची बायको, गोदूकाकू, अकरा वर्षं उभी राहिली. तिच्यानंतर मंदावहिनी. चैत्रात वृषालीच्या भावाचं, अविनाशचं, लग्न झालं आणि पाळी रोहिणीवर आली.

रोहिणी लहानपणी माहेरी ज्वारीच्या कणगीत अडकली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा ती काळीनिळी पडलेली होती. अजूनही तिला न्हाणीघराची कडी लावता येत नाही. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, वृषालीला सांगितलं होतं, आणि वृषालीने गुरुवारी जेवताना ते सगळ्यांसमोर मांडलं.

"तिला सोडा, तात्या. बंद जागेत तिला धाप लागते."

"बंद कुठंय? पुढं मोकळं, वर आभाळ."

"कंबरेपर्यंत दगड लावता ना?"

"कंबर म्हणजे काय नाक आहे का?" तात्यांनी भाकरी मोडली. "नाकापर्यंत लावले तर सांग."

वृषालीने वडिलांकडे पाहिलं. आण्णांनी आमटीत पाहिलं. आण्णांचं सगळं आयुष्य असंच कशा ना कशात पाहण्यात गेलं होतं.

"मी अकरा वर्षं उभी राहिले," गोदूकाकू म्हणाली. "मेले का? एक शब्द म्हणायचा, तीनदा. तेवढाही नाही होत का आजकालच्या पोरींना?"

"आणि नाही म्हटलं तर?"

ताटावरचे हात थांबले. नाही म्हणणाऱ्या सुनेची गोष्ट कुणाला येत नव्हती. "असं कुणी म्हणत नाही," तात्या शेवटी म्हणाले. "का, ते विचारायचं नाही."

आता कंदील धाकट्या बुरजाशी पोचला होता. पाहुण्यांनी अर्धा वेढा घातला. रोहिणी कमानीपाशी गेली, वळली आणि तिने भिंतीला पाठ टेकवली. आण्णांनी वाकून पहिला दगड तिच्या पायाशी ठेवला. तात्यांनी सांगायला सुरुवात केली.

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, या गावाला कोट घालायचं काम निघालं. दहा बुरूज चढले. अकरावा, हा तळ्याकडचा, काही केल्या उभा राहीना. किल्लेदाराला घाई होती, शत्रूचं भय होतं. पावसाळ्याआधी बुरूज चढवावा आणि पहिल्या मोठ्या पावसात तो बसावा, असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला चार गवंडी खाली सापडले. मुख्य गवंडी रामोजी, आमचा मूळपुरुष. त्याच्या हाताची भिंत अर्ध्या बोटानेही कधी ओळंब्याबाहेर गेली नव्हती. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन; भिंत सरळ चालली आहे की नाही, ते गवंडी त्यावर पाहतो. रामोजीचा ओळंबा दोष दाखवीना आणि बुरूज तर पडतो, तेव्हा दोष माणसाचा नव्हे, जागेचा, असं सगळ्यांचं मत झालं.

रामोजीला तीन सुना. धाकटी चुना भाजणाऱ्यांच्या घरची. तिला म्हणे चुना नुसता बोटावर घेऊन कळायचा. चुन्याच्या खड्ड्याशी उभी राहून ती म्हणायची, "मामंजी, अजून कच्चा आहे, मुरू द्या." पण किल्लेदाराला घाई, आणि पदराआडून आलेलं सुनेचं बोलणं कोण मोजतो. मग जोशांनी सांगितलं की या बुरजाला घरातली धाकटी हवी आहे. रामोजीने तिला तीनदा विचारलं, "राजी का?" ती तीनदा "राजी" म्हणाली. हातात दिवा घेऊन हसत कमानीत शिरली. सासऱ्याने स्वतःच्या हाताने दगड लावले. मग घराने चाळीस दिवस सुतक पाळलं. चाळीस दिवस कुणी थापीला हात लावला नाही. एकेचाळिसाव्या दिवशी काम सुरू झालं, आणि तेव्हापासून या बुरजाचा खडासुद्धा हललेला नाही.

"चाळीस दिवस," वृषाली म्हणाली.

"होय. चाळीस."

"म्हणजे खड्ड्यातला चुना चाळीस दिवस मुरला. ती मुरू द्या म्हणत होती तेवढा."

पाहुण्यांतून कुणीतरी "अच्छा" म्हणालं. तात्यांनी कंदील या हातातून त्या हातात घेतला. "हिला सगळ्यात चुनाच दिसतो," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना हसायला थोडा वेळ दिला.

वृषाली हसली नाही. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत आजोबांचा पितळी ओळंबा होता, आणि तो दुपारपासून तिथे होता.

दुपारी तिला भिंतीसमोर सडा टाकायला पाठवलं होतं. ओल्या सड्यावर पाय घसरला आणि तोल सावरताना तिचा उजवा हात भिंतीवर पडला. आयुष्यात पहिल्यांदा. तळव्याखालचा दगड शेजारच्यांपेक्षा पुढे आलेला होता. फुगवटा म्हणतात तो हाच, असं वाटून ती हात काढणार, तेवढ्यात तिची नजर डावीकडे गेली. त्याच थरातला दुसरा एक दगड असाच पुढे आलेला होता. मधले दगड जागच्या जागी. तिने डावा हात त्यावर ठेवला. दोन्ही तळवे बसले. मग तिच्या लक्षात आलं की आपण कशा उभ्या आहोत. बाहेरून कडी लागलेलं दार माणूस आतून ढकलतो, तशा.

त्या दोन दगडांभोवतीच्या दरजांमधून चुना बाहेर आला होता आणि ओघळून तसाच वाळला होता. वाळलेला चुना ओघळत नाही. हे कळायला पदवी लागत नाही. गवंड्याच्या घरचं दहा वर्षांचं पोरही सांगेल. म्हणून तर त्या पोरांना हात लावू देत नाहीत.

इकडे दगड रोहिणीच्या गुडघ्यांवर आले, मांड्यांवर आले. आण्णा सवयीने प्रत्येक दगड फिरवून, बसवून ठेवत होते. कंबरेला पोचल्यावर ते मागे सरले. तात्यांनी कंदील उंच धरला.

"राजी का?"

"राजी," रोहिणी म्हणाली.

"राजी का?"

"रा..." शब्द अर्धाच बाहेर आला. निरांजन खाली पडून विझलं. तिचं तोंड उघडं होतं आणि आत हवा जात नव्हती. चष्मेवाल्या एका पाहुण्याने फोन वर धरून शेजारच्या बाईला विचारलं, "फ्लॅश चालतो का इथं?"

"म्हण गं," गोदूकाकू दबक्या आवाजात म्हणाली. "दोनदाच राहिलं."

वृषालीने बॅटरी खाली ठेवली. तिने पुढे होऊन आण्णांनी रचलेला दगड उचलला आणि बाजूला टाकला. दुसरा टाकला. तिसरा जड होता, तो ढकलून दिला. मग रोहिणीला दंडाला धरून बाहेर ओढलं, पायरीवर बसवलं आणि तिचं डोकं गुडघ्यांकडे वाकवलं. थोड्या वेळाने रोहिणीने मोठा, घोगरा श्वास घेतला आणि रडायला लागली.

"वृषाली," तात्या म्हणाले, "लोक बघतायत."

"बघू द्या ना. बघायलाच आलेत."

तिने पिशवीतून ओळंबा काढला. कमानीच्या माथ्याच्या दगडाला दोरी अंगठ्याने दाबून धरली आणि वजन सोडलं. आधी मध्यावर. दोरी वरून खालपर्यंत भिंतीला चिकटून उभी राहिली. मग ती वीतभर उजवीकडे सरकली. दोरी छातीच्या उंचीवर एका दगडाला अडली आणि तिथून खाली भिंतीपासून दोन बोटं सुटून लटकत राहिली. मग डावीकडे. तोच थर, तेवढीच दोन बोटं.

"हे कार्यक्रमात आहे का?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

"आण्णा, तुम्ही सांगा," वृषाली म्हणाली. "चाळीस वर्षं भिंती बांधल्यात तुम्ही. रामोजीच्या हाताच्या भिंतीत दोनच दगड पुढं का येतात? एकाच थरात, खांद्याइतक्या अंतरावर? चुना ओला असताना?"

आण्णांना या वेळी पाहायला आमटी नव्हती. त्यांनी दोरीकडे पाहिलं. एकदा पाहिलं, आणि गवंड्याला एकदाच पुरतं.

"तिला जाऊन किती वर्षं झाली," तात्या म्हणाले. त्यांचा गोष्ट सांगण्याचा आवाज गेला होता, घरातला, जेवताना असतो तो आला होता. "आता उकरून काय मिळायचंय, बाई? वाडवडील सांगत आले, आपण सांगायचं. आपण कशाला विचारायचं?"

"तुम्ही विचारता की. दर महिन्याला तीनदा विचारता. फक्त उत्तर ऐकत नाही." तिने ओळंब्याची दोरी कमानीतल्या एका जुन्या खिळ्याला बांधली आणि हात मोकळे केले. "ही भिंतीतली राजी नव्हती, तात्या. हे तिचे हात आहेत. रोहिणीवहिनी राजी नाही. आणि वहिनी उभी राहणार नाही, तिच्यानंतर या घरात येणारी कुणी राहणार नाही, आणि अविनाशला पोरगी झाली तर तिला मी चालायच्या आधी इथं आणून हात लावायला शिकवीन. नाही म्हणजे नाही. पुढची गोष्ट सांगा आता, असेल तर."

पाहुणे वाट बघत होते. तळ्यात बेडूक ओरडत होते. तात्यांनी कंदील हळूच जमिनीवर ठेवला, तसा भिंतीवरचा फुगवटा लांब झाला आणि त्याचे दोन झाले. गोदूकाकूचा हात आपसूक स्वतःच्या पाठीवर गेला, दोन खांद्यांच्या मधे, आणि अकरा वर्षं तिथे काहीतरी टोचत होतं ते सापडल्यासारखा तिथेच राहिला. आण्णा खाली बसले.

त्या शनिवारी फेरी तिथेच संपली, असे सांगतात. पाहुणे कुणी न सांगता निघून गेले.

आजही सोनवेढ्यात रात्रफेरी निघते. वड तोच, विहीर तीच, दरवाज्यावरची मुंडकी चौदावर गेली आहेत. पण धाकट्या बुरजाशी आता कुणी उभं राहत नाही आणि कुणाला काही विचारलं जात नाही. तात्या खिळ्याला ओळंबा लावतात, कंदील बाजूने धरतात आणि मागे सरतात. ज्याला हवा त्याने हात लावावा. एखादा पाहुणा विचारतोच, मग ती राजी होती की नव्हती? गवंडी आळीची म्हातारी माणसं त्यावर ओळंब्याकडे बोट दाखवतात. दोरी हलायची थांबेपर्यंत ती तशीच उभी राहतात.