वाळूची गोणी आणि सुळक्यावरची घंटा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती. एका अफाट तळ्याच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं. तळ्याचा पलीकडचा काठ गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलाच नव्हता, आणि उरलेले निम्मे पाहिल्याच्या थापा मारत.

तळ्याच्या मधोमध एक उंच सुळका होता आणि त्याच्या टोकावर एक पितळी घंटा. ती तिथे कुणी टांगली, कुणालाच आठवत नव्हतं. वर चढायला वाट नव्हती. पण धुकं उतरलं की त्या घंटेवाचून गावाचं चालत नसे. धुकं पाण्यावर पसरे, होड्या त्यात हरवून जात, आणि सुळक्याचं टोक तेवढं वर उन्हात उरे. मग गावाचा नेमबाज काठावरून घंटेवर गोळी मारी. घंटा कितीतरी वेळ घुमत राही. तिच्या नादाच्या रोखाने होड्या सुळक्यापाशी येत आणि तिथून पाण्यात रोवलेले बांबू चाचपत घरी पोचत. ज्यांना नाद ऐकू येत नसे, त्या होड्या उत्तरेच्या धबधब्याकडे वाहत जात. त्यांच्याबद्दल गावात कुणी बोलत नसे.

नेमबाजाची बंदूक ठासणीची होती आणि माणसापेक्षा लांब. टेकणाशिवाय ती पेलणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. गावाची रीत अशी, की नेमबाज गेला की त्याचं टेकण त्याच्याबरोबर चितेवर जायचं. नव्याने आपलं टेकण आपणच निवडायचं.

त्या वर्षी म्हातारा नेमबाज गेला आणि ती बंदूक एका तरुण सुनेकडे आली. तिच्याइतकी तीक्ष्ण नजर गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. ही वार्ता राजाच्या कानावर गेली, आणि राजाने चांदीचं तिकाटणं पाठवलं. तीन उंच पाय, वर मोराची मान, मोराच्या डोळ्यांत माणकं. गाव हरखून गेलं. सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी काठावर फळ्यांचा मंच बांधला.

सुनेची सासू जाळी विणत असे. विणताना ती वाळू भरलेल्या एका जुन्या गोणीवर बसायची. बसून बसून गोणीला मध्ये खळगा पडला होता.

"सूनबाई," ती म्हणाली, "माझी गोणी घे की. हलायची नाही."

लोक हसले. सून तर सगळ्यांत मोठ्याने हसली. "आत्याबाई, राजाची भेट सोडून तुमच्या बसायच्या गोणीवर बंदूक ठेवू?"

सासूने सुई पुन्हा जाळ्यात घातली.

मग एके दिवशी, ऊन कलत असताना, धुकं आलं. अकरा होड्या पाण्यात होत्या. शेवटच्या होडीत सुनेचा नवरा होता. दमट हवेने दारू ओली झाली होती. चाळून चाळून तीन बारांपुरती कोरडी निघाली.

सुनेने चांदीच्या तिकाटण्यावर बंदूक ठेवली. आख्खं गाव काळजीने मंचावर चढलं. पावलं थरथरली तशा फळ्या थरथरल्या, फळ्यांबरोबर चांदीचे बारीक पाय. नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी घंटेवर क्षणभरही ठरेना. बार उडाला. गोळी कुठेतरी पाण्यात पडली.

"दगडावर ठेव!" कुणीतरी ओरडलं. ती धावत काठावरच्या काळ्या खडकापाशी गेली. तिथे माशी जागची हलली नाही. तिच्या जिवात जीव आला. पण बार उडताच खडकाने बंदुकीची नळी वर उसळवली, आणि गोळी घंटेच्या डोक्यावरून निघून गेली.

आता एकच बार उरला होता. धुक्यात, फार लांबून, कुणीतरी हाक मारत होतं. हाक उत्तरेकडे सरकत होती.

तेव्हा सासू उठली. मुलाची होडी परत येईपर्यंत ती कधी जागची उठत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज ती उठली, गोणी ओढत आणली आणि वाळूवर सपाट टेकवली.

"लोखंड ठेवू नको हिच्यावर, लाकूड ठेव. आणि जरा दाबून बसव. तिला तुझी सवय होऊ दे."

सुनेने बंदुकीचं लाकूड गोणीच्या खळग्यात दाबलं. गोणी थोडी दबली आणि तिथेच थांबली. सासूने सुनेच्या पदराच्या टोकात मूठभर वाळू बांधली आणि ती गाठ बंदुकीच्या मागच्या दस्त्याखाली सरकवली. पाळण्यात मूल निजावं तशी बंदूक निजली. सुनेला आता काही पेलायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं.

तिने श्वास सोडला. चाप ओढला.

घंटा वाजली. नाद धुक्यावरून लाटेसारखा पसरत गेला, आणि त्याच्याखाली सगळं तळं जणू झोपेत हुंकारलं. मग बांबूंच्या रांगेतून पहिली होडी बाहेर आली. मग दुसरी. अकरावी यायला फार वेळ लागला, पण ती आली.

नवरा काठावर उतरला. "काय नेम गं तुझा!" तो म्हणाला.

"गोळी तेवढी माझी," ती म्हणाली, आणि सासूच्या पायांशी बसून मनसोक्त रडली. "मी हसले होते तुम्हाला, आत्याबाई."

"हसलीस तर हसलीस," सासू म्हणाली. "गोणी दे माझी. पाय दुखतात."

राजाचा मान राखायचा म्हणून चांदीचं तिकाटणं गावाने ठेवून घेतलं. त्यावर सुकट छान वाळते, असं म्हणतात. पुढे ती सून म्हातारी होऊन गेली, तेव्हा रीतीप्रमाणे गोणी तिच्या चितेवर ठेवली. कापड जळलं. वाळू उरली. ती गावाने नव्या गोणीत भरून पुढच्या नेमबाजाच्या हाती दिली.

तात्पर्य: टेकण निवडताना त्याचा थाट पाहू नये, आपला भार आला की जे थोडं दबतं आणि मग जागचं हलत नाही, त्यावरच टेकावं.